निचरा

जुईच्या छातीतून निघणारं पाणी दुधासारखं पांढरं होतं. नळीतून ते थेंबथेंब बाटलीत पडत होतं आणि सात वर्षांची जुई पलंगावर आडवी पडून, छताकडे बघत शाळेतली कुठलीशी कविता पुटपुटत होती. तिला सवय झाली होती. ज्योत्स्नाबाईंना नव्हती. आजवर हे सगळं त्यांनी फोनवरच ऐकलं होतं. "आज पाणी काढलं, आई, आता बरी आहे," एवढं सांगून सानिका विषय बदलायची.

"हे दूधच का गं?" त्यांनी सुनेला हळूच विचारलं.

"दूध नाही, आई. लसिका आहे. आतड्यातून शोषलेली चरबी मिसळलेली असते, म्हणून पांढरी दिसते." सानिकाने जुईच्या पायावरची चादर सारखी केली. पोरीचे पाय गुडघ्याखाली पट्ट्यांनी घट्ट गुंडाळलेले होते. "हे सगळं रक्तात जायला हवं. हिच्या छातीत गळतं."

ज्योत्स्नाबाई आणि प्रभाकर भंगाळे भुसावळहून त्याच सकाळी नाशिकला आले होते. प्रभाकरराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ज्योत्स्नाबाई मात्र साठी उलटली तरी बाटल्यांत केळीची टिश्यूची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत देखरेखीच्या कामाला जात होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा हर्षल महामार्गावरच्या अपघातात गेला, तेव्हा जुई रांगायलाही लागली नव्हती. सानिका नाशिकच्या कॉलेजात शिकवायची. मुलीला घेऊन ती इथेच राहिली. सासू-सुनेचं भांडण कधीच नव्हतं. दोघींच्या मधला माणूस गेला होता, आणि त्याच्यावाचून एकमेकींशी काय बोलावं हे दोघींनाही पुरतं उमगलं नव्हतं, इतकंच.

पण या वेळी सानिकाने स्वतःहून बोलावलं होतं. "डॉक्टरांना तुम्हा दोघांना भेटायचंय," ती म्हणाली होती, "आणि लवकर."

डॉक्टर रुबिना काझी लसिका केंद्राच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि सावकाश बोलणाऱ्या. समोरच्या पडद्यावर त्यांनी माणसाच्या देहाची एक आकृती लावली. तिच्यात हाडं नव्हती, रक्तवाहिन्याही नव्हत्या. नुसतं हिरवट धाग्यांचं जाळं होतं आणि जागोजागी त्याला मण्यांसारख्या गाठी.

"काकू, तुम्ही केळीच्या भागातल्या. शेताला पाणी कसं देता?"

"ठिबकनं. पूर्वी पाटानं द्यायचे."

"आणि जास्तीचं पाणी?"

"काळी जमीन असली तर चर काढावा लागतो. निचरा झाला नाही तर मुळं कुजतात."

"शरीराचंही तसंच आहे. रक्तवाहिन्या म्हणजे पाट. हृदय पंपासारखं रक्त ढकलतं आणि बारीक केशवाहिन्यांमधून त्यातलं पाणी पेशींपर्यंत झिरपतं. त्यातलं बरंचसं माघारी जातं, पण दिवसाला दोन-तीन लिटर मागे उरतं. ते गोळा करणारे चर म्हणजे या लसिकावाहिन्या. यांना पंप नाही. आपण चालतो, श्वास घेतो, स्नायू हलतात, तशी लसिका पुढे सरकते. आत झडपा असतात, त्यामुळे मागे फिरत नाही. शेवटी छातीतली मोठी नळी सगळं गोळा करून मानेपाशी डाव्या बाजूला शिरेत सोडते."

"आणि या गाठी?" प्रभाकररावांनी विचारलं.

"ते नाके. काखेत, जांघेत, मानेत, पोटात, सगळे मिळून पाचशेच्या वर असतील. पायात काटा मोडला की तिथले जंतू लसिकेबरोबर जांघेतल्या गाठीत येतात. तिथे पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्या जंतूला ओळखतात, त्याच्याशी लढतात आणि त्याची आठवणही ठेवतात. जुईमध्ये यातलं काहीच धड नाही. वाहिन्या तोकड्या, छातीतली नळी गळकी, गाठी अर्धवट वाढलेल्या. पाय सुजतात, छातीत पाणी भरतं आणि त्या पाण्याबरोबर तिच्या लढणाऱ्या पेशीही वाहून जातात. म्हणून तिला साधी सर्दीसुद्धा झेपत नाही."

डॉक्टरांनी मग त्यांच्या केंद्राचं काम सांगितलं. निरोगी मूळ पेशी मिळाल्या, तर त्यांच्यापासून काचपात्रात लसिकेची गाठ वाढवता येत होती. शरीरात रुजवली की ती गाठ स्वतःच वाहिन्यांचे कोंब काढायची आणि शेजारच्या वाहिन्यांना जाऊन मिळायची. काही मुलांमध्ये ते साधलं होतं. पण पेशी जवळच्या रक्ताच्या हव्यात, निदान अर्ध्या जुळणाऱ्या. जुईच्या स्वतःच्या पेशींमध्येच दोष होता. तो दुरुस्त करून पाहिला, तर पेशी वाढेनात. सानिकाकडूनच तो दोष आला होता. तिच्यात तो सौम्य होता, लांबच्या प्रवासात घोटे सुजायचे तेवढंच, पण तिच्या पेशी चालणार नव्हत्या.

"वडील असते तर त्यांच्या घेतल्या असत्या," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या बघूया. आशा थोडी आहे, पण बघूया."

ज्योत्स्नाबाईंच्या आणि प्रभाकररावांच्या जांघेतल्या गाठीतून सुईने कणभर नमुना घेतला गेला. केंद्रात एक यंत्र होतं, त्याला सगळे पेशीवाचक म्हणायचे. नमुन्यातली एकेक पेशी ते वेगळी करायचं, तिच्या जनुकांचा सबंध संच वाचायचं आणि सारख्या संचाच्या पेशी एकत्र मांडायचं. एका माणसाच्या नमुन्यात संच एकच निघणार, हे उघड आहे.

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. नेहमीपेक्षाही सावकाश त्या म्हणाल्या, "तुमच्यापैकी एकाच्या पेशी जुळत नाहीत आणि दुसऱ्याच्या फार वयाच्या आहेत, वाढणार नाहीत. पण काकू, तुमच्या गाठीतल्या काही पेशी तुमच्या नाहीतच. त्या एका पुरुषाच्या आहेत. त्याचे अर्धे जनुक तुमचे आहेत आणि जुई त्याची मुलगी आहे."

ज्योत्स्नाबाईंना ऐकलेलं कळलं, पण आत उतरलं नाही.

"मूल पोटात असताना वार आईचं आणि बाळाचं रक्त वेगळं ठेवते," डॉक्टर सांगत होत्या, "पण तो बांध अगदी पक्का नसतो. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात. बहुतेक मरतात. काही आईच्या लसिकेच्या गाठींत, हाडांच्या मगजात मुक्काम करतात आणि जन्मभर राहतात. हे बरीच वर्षं माहीत होतं. त्यांना एकेक करून वेगळं काढणं आत्ता आत्ता जमायला लागलंय."

"म्हणजे हर्षल..." प्रभाकरराव पुढे झुकले.

"हर्षलच्या काही पेशी काकूंच्या अंगात जिवंत आहेत. हो."

सहा-सात वर्षांपूर्वी मुलाला अग्नी देऊन आलेला तो माणूस डॉक्टरांच्या टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

त्यानंतरचे दिवस घरात सण असावा तसे गेले. प्रभाकरराव बायकोला वाकू देईनात. जिना उतरताना हात धरायचे. भुसावळ, यावल, फैजपूर, जिथे म्हणून नातलग होते तिथे त्यांनी फोन केले. "आपला हर्षल आहे अजून! त्याच्या आईत आहे!" असं ते सांगायचे आणि लगेच पुढचा नंबर लावायचे.  एकदा भाजी निवडता निवडता सानिकाने ज्योत्स्नाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. ज्योत्स्नाबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. लग्न होऊन घरात आली त्या दिवसानंतर बहुधा पहिल्यांदाच.

रात्री अंथरुणावर पडल्या की त्यांचा हात आपोआप जांघेकडे जायचा. मनातल्या मनात त्या लेकाशी बोलायच्या. पण त्याच वेळी दुसरंही काही तरी मनाच्या तळातून वर येऊ पाहायचं. ते त्या पुन्हा खाली लोटायच्या. लोटायची त्यांना सवय होती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. "काकू, या वेळी एकट्याच याल का?"

केंद्राच्या मागच्या बाजूला छोटी बाग होती. डॉक्टरांनी त्यांना खोलीत न बसवता तिथल्या बाकावर नेलं.

"हर्षलच्या पेशी वाढत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "फार थोड्या होत्या, आणि ज्या मिळाल्या त्या पिकलेल्या. त्यांच्यापासून गाठ तयार होणार नाही. आम्ही तीनदा प्रयत्न केला."

 टिश्यूच्या कामात ज्योत्स्नाबाईंनी हे हजारदा पाहिलं होतं. काही कोंब रुजत नाहीत. कितीही निगुतीने लावा, बाटलीत तसेच काळे पडत जातात.

"मग जुई?"

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. "काकू, त्या दिवशी मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं. तुमचे यजमान शेजारी होते आणि गरज नसताना असं बोलण्याचा मला हक्क नाही. पण आता गरज आहे. तुमच्या गाठीत तुमच्याखेरीज दोन संच आहेत. दुसरा हर्षलचा नाही. तो एका मुलीचा आहे. तुमच्याच मुलीचा."

बागेत माळी पाइपने पाणी मारत होता. ओल्या मातीचा वास आला.

"हर्षलच्या आधीची," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. "चौथा महिना होता. तपासणी करून आणली. आत कोण आहे ते सांगायला बंदी होती, तरी सांगणारे होते. सासूबाई म्हणाल्या, पहिला मुलगा पाहिजे. मला जीपमध्ये बसवून नेलं. संध्याकाळी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते."

"कुणाशी कधी बोललात?"

"कुणाशी बोलणार? तसं काही झालंच नाही, असं ठरलं होतं."

डॉक्टर बाकावर त्यांच्याकडे वळल्या. "गर्भ काढतात तेव्हा त्याच्या पेशी आईच्या रक्तात नेहमीपेक्षा जास्त उतरतात. आणि त्या कोवळ्या असतात. तिच्या पेशी तुमच्या गाठीत भरपूर आहेत, काकू. काचपात्रात घातल्या आणि लगेच धरल्या. जुईला वडिलांकडून जुळणीच्या जनुकांचा जो अर्धा संच मिळाला, तोच नेमका हिच्यातही आहे. बहीण-भावांत असं निम्म्या वेळा होतं. हा आपल्या नशिबाचा भाग. दोष कुठे नाही. याच पेशी हव्यात मला."

"मग घ्या की."

"सुईने मिळतात त्या पुरणार नाहीत. डाव्या जांघेतला गाठींचा झुबकाच काढावा लागेल. त्या पायाचा निचरा मंदावेल. पाय सुजेल, कदाचित कायमचा. घट्ट मोजा घालावा लागेल, जास्त वेळ उभं राहता येणार नाही."

"पायाचं नका सांगू हो मला."

"अजून एक. जन्माला न आलेल्या जिवाच्या पेशी वापरायच्या तर आई आणि वडील, दोघांची संमती लागते. नवा कायदा आहे. दोघांनी समोर बसून, पेशी कुणाच्या आहेत ते आपल्या तोंडाने सांगायचं."

ज्योत्स्नाबाईंना पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

प्रभाकरराव सानिकाच्या फ्लॅटच्या गॅलरीत पेपर वाचत बसले होते. सानिका कॉलेजला गेली होती, जुई आत झोपली होती. ज्योत्स्नाबाईंनी समोर खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. न थांबता, न रडता. प्रभाकररावांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"हर्षलच्याच अजून एकदा बघा म्हणावं," ते म्हणाले. "घाई करतात हे लोक."

"तीनदा बघितलं."

"चौथ्यांदा बघू दे."

"अहो, तो नाही रुजत. ती रुजतेय."

"आता ते उकरून काय मिळणार? सानिका काय म्हणेल? गावाकडे मी सगळ्यांना सांगून बसलोय, हर्षल आहे म्हणून." ते उठून कठड्याशी गेले. "तेव्हा सगळेच करायचे. आईचा हट्ट होता, तुला माहीत आहे."

"आई गेल्या. त्यांना नाही विचारत मी. जीप तुम्ही बोलावली होती. पुढे बसला होतात, ड्रायव्हरशेजारी. जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. येताना तरी बघाल असं वाटलं होतं मला."

प्रभाकरराव वळले नाहीत. आताही नाही. थोड्या वेळाने त्यांनी चपला घातल्या आणि दार ओढून घेऊन ते बाहेर पडले.

संध्याकाळी सानिका आली तेव्हा सासरे घरात नव्हते आणि सासू स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, समोर काहीच न घेता. सानिका पर्ससकट तिच्यासमोर बसली. ज्योत्स्नाबाईंनी तिलाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त जड गेलं. ही आजची मुलगी, शिकलेली, कमावती. ती आपल्याला काय म्हणेल? स्वतःच्या पोटच्या पोरीला राखू शकली नाही ती बाई, असंच ना?

सानिकाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "बाबांनी?" ती म्हणाली. "जुईच्या वेळी मला रोज फोन करून 'मुलगा की मुलगी, काहीही चालेल, बरं का' म्हणायचे. मला वाटायचं, किती चांगले सासरे आहेत. किती वेळा म्हणायचे, आई! मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं." तिने पर्स बाजूला फेकली.  मग तिने सासूच्या डोळ्यांत बघितलं.

"आई, मला एकच सांगा. तुम्हाला ती हवी होती का?"

हा प्रश्न ज्योत्स्नाबाईंना कुणीही विचारलेला नव्हता. तपासणाऱ्याने नाही, सासूने नाही, नवऱ्याने नाही, माहेरी आईनेही नाही. त्यांनी स्वतःला तो कधी विचारू दिला नव्हता. तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी आतून काही तरी फुटून बाहेर आलं. इतक्या वर्षांचं साठलेलं. त्या पदरात तोंड खुपसून रडत राहिल्या आणि रडताना मान हलवत राहिल्या. हो. हो. हवी होती.

सानिकाने त्यांना धरून ठेवलं.

"म्हणजे जुईची आत्या," ती पुटपुटली. "बारशाला आपण शेजारच्या मंगलताईंना उसनी आत्या म्हणून बसवली होती."

प्रभाकरराव जेवणाच्या वेळी परतले. कुणी त्यांना काही विचारलं नाही. सानिकाने ताट वाढलं, पण नेहमीसारखं "बाबा, आमटी घ्या ना" म्हटलं नाही. दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या दिवशी जुईच्या छातीत पुन्हा पाणी भरलं. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. केंद्रात नेताना गाडीत ती आजोबांच्या मांडीवर होती. "आजोबा, गोष्ट सांगा," ती धापा टाकत म्हणाली. प्रभाकररावांना एकही गोष्ट आठवली नाही.

नळी घालून झाली, पोर शांत झोपली, तेव्हा ते स्वतःच डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. ज्योत्स्नाबाई मागोमाग गेल्या.

डॉक्टरांनी दोघांना बसायला सांगितलं. नोंद सुरू झाली. "काका, काकूंच्या गाठीत मिळालेल्या या पेशी कुणाच्या आहेत, तुमच्या शब्दांत सांगा."

प्रभाकररावांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. रेल्वेत असताना शेकडो माणसांसमोर घोषणा करणारा त्यांचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

"माझ्या मुलीच्या," ते म्हणाले. "माझी मुलगी होती. मी तिला येऊ दिलं नाही."

"वापरायला तुमची संमती आहे?"

"मला विचारू नका. मी कोण हो म्हणणारा?" मग कायद्याची आठवण होऊन त्यांनी मान खाली घातली. "आहे. संमती आहे."

ज्योत्स्नाबाईंना वाटलं होतं, हे ऐकल्यावर मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. पण इतकी वर्षं त्या जीपमध्ये त्या एकट्याच बसून होत्या. आता आणखी कुणी तरी मागच्या सीटवर येऊन बसलं होतं, एवढं मात्र खरं.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्यानंतर काचपात्रांतलं काम सुरू झालं आणि डॉक्टर काझींनी एक दिवस ज्योत्स्नाबाईंना आत नेलं. तीच ओळखीची कपाटं, गाळलेल्या हवेचा तोच बारीक घुमणारा आवाज. एरवी त्यांनी सगळ्या चौकशा केल्या असत्या, खाद्य कोणतं, तापमान किती. आज सुचलं नाही. गुलाबी पाण्यात चवळीच्या दाण्याएवढं फिकट काही तरी तरंगत होतं. त्याच्या कडेला केसासारखे धागे फुटले होते.

"हीच?" त्यांनी विचारलं.

"हीच. अशा तीन आहेत. एक छातीत, नळी गळते त्या जागी. दोन जांघांत."

"हर्षलच्या पेशी? माझ्यात उरल्या असतील का?"

"असतील काही. शोधल्या तर सांगता येईल."

"नका शोधू," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "असू दे त्याला तिथे." आणि पुन्हा काचेवर वाकून त्या फिकट दाण्याकडे बघत राहिल्या. मदतनीस मुलगी दोनदा येऊन गेली, तरी डॉक्टरांनी त्यांना उठवलं नाही.

जुईला गाठी रुजवल्या. पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही आणि सानिकाची झोप उडाली. मग छातीतलं पाणी आधी उशिरा भरायला लागलं, मग थोडं भरायला लागलं, आणि दिवाळीनंतर नळी घालावीच लागली नाही. पायांवरच्या पट्ट्या गेल्या. जुईला स्वतःचे घोटे पहिल्यांदा दिसले. ती ते सगळ्यांना दाखवत सुटली.

ज्योत्स्नाबाईंचा डावा पाय सुजला. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसाच, आणि ओसरला नाही. प्रयोगशाळेतलं उभ्याचं काम सुटलं. सकाळी उठून घट्ट मोजा चढवायला त्यांना फार वेळ लागायचा. प्रभाकरराव एकदा मोजा घेऊन पुढे आले. "राहू दे," त्या म्हणाल्या. काही दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांनी पाय पुढे केला.  प्रभाकररावांनी नातलगांना पुन्हा एकेक फोन केले होते. जुईत रुजलंय ते हर्षलचं नाही, आमच्या मुलीचं आहे, असं सांगितलं होतं. काहींनी फोन मध्येच ठेवला. एका चुलत भावाने "कशाला रे आता हे" म्हटलं आणि त्यानंतर बोलणं टाकलं. घरात ते कमी बोलायचे. ज्योत्स्नाबाईंनी त्यांना माफ केलं होतं का? त्यांना कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मला ठाऊक नाही. रोज सकाळी बघते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डॉक्टरांनी परवानगी दिली आणि जुई सानिकाबरोबर पहिल्यांदाच भुसावळला राहायला आली. पहिल्याच आठवड्यात ती शेजाऱ्यांच्या मळ्यात अनवाणी धावली आणि बांबूची बारीक, काट्यासारखी शिलक तळपायात घुसवून घेतली. शिलक काढली, पाय धुतला, औषध लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगात ताप भरला.

 जुईचा ताप म्हणजे काय, ते सानिकाने सात वर्षं बघितलं होतं. प्रत्येक वेळी दवाखाना, प्रत्येक वेळी जिवावरचं. तिने बॅग भरायला घेतली. ज्योत्स्नाबाई जुईचं अंग ओल्या फडक्याने पुसत होत्या. मांडीवरून फडकं फिरवताना पोर कळवळली. "आजी, तिथे नको!"

त्यांनी बोटांनी हळूच चाचपलं. जांघेत सुपारीएवढी गाठ उठली होती, टणक आणि गरम.

"सानिका," त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना लाव. हिला अवधाण आलंय."

डॉक्टर काझींनी फोनच्या पडद्यावरून सगळं बघितलं. पाय दाखवा म्हणाल्या, श्वास मोजायला लावला, छातीकडे नीट बघितलं. मग गाठीवर बोट ठेवायला सांगितलं. "दुखतं का गं, जुई?"

"खूप!"

डॉक्टर हसल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दुखू दे. सानिका, बॅग ठेव खाली. गोळी देते ती सुरू कर. श्वास वाढला तर लगेच दवाखान्यात न्यायचं, पण मला नाही वाटत तशी वेळ येईल. कुठल्याही धडधाकट पोराला येतं तसं अवधाण आहे हे. पायातले जंतू नाक्यावर अडवलेत. जुईला आजवर असं कधी आलंच नव्हतं, कारण अडवायला तिथे कुणी नव्हतं."

सानिका भिंतीला टेकून खाली बसली आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली.

प्रभाकरराव दारात उभे होते. आत येत नव्हते आणि जातही नव्हते.

"या," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "हात लावून बघा."

ते आले. गुडघे धरत धरत पलंगाशी बसले. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. शेवटी चार बोटं त्यांनी त्या गाठीवर टेकवली, पाखरावर टेकवावीत तशी.

"आजोबा, दाबू नका हं," जुई म्हणाली.

"नाही," प्रभाकरराव म्हणाले. गालावर ओघळणारं पाणी पुसायला त्यांनी हात उचलला नाही. "नाही दाबणार."

ज्योत्स्नाबाईंनी त्यांची समजूत काढली नाही. त्यांनी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि जुईच्या कपाळावर ठेवलं. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. पोरीचा डोळा लागला, तिच्या कपाळावर घाम फुटला, तरी प्रभाकररावांचा हात होता तिथेच होता, जराही भार न टाकता.